वहीतला एक शब्द

रविवार, रात्री उशिरा

प्रिय मैत्रिणीस,

पहाटे तीनला आलेला तुझा मेसेज सकाळी पाहिला आणि पोटात धस्स झालं. ‘मला मुलांचा कंटाळा यायला लागलाय, आणि त्याची लाजही वाटेनाशी झालीय.’ फोन केला असता तर ‘काही नाही गं, जरा दमलेय’ म्हणून उडवून लावलं असतंस. म्हणून पत्र.

तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगते. तुझ्यासारखीच मीही शाळेत समुपदेशक म्हणून लागले, त्या नोकरीचं दुसरं वर्ष, शेवटचा तास. आठवीतली एक मुलगी समोर बसून रडत होती. मी मान हलवत होते, जिथल्या तिथे ‘हं’ म्हणत होते, आणि तिच्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. ती गेल्यावर वहीत तारीख लिहिली, इयत्ता लिहिली आणि पुढे एकच शब्द : ‘नेहमीचंच’. चार दिवसांनी ते पान उघडलं, तर ती काय बोलली होती ते काही केल्या आठवेना. बोलताना ती नखाने वहीच्या कव्हरचा कोपरा सोलत होती, तेवढं फक्त आठवलं.

त्या रात्री मी स्वतःला निर्ढावलेली म्हटलं, ढोंगी म्हटलं, या कामाला नालायक म्हटलं. तुझीही यादी तयार असेलच.

ख्रिस्तिना मासलाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ साली बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने आतून रिकामं होणं, मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती आपल्याला अभ्यासाला होती, आठवतं? तीन भाग. भावनिक थकवा, समोरच्याबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. परीक्षेत आपण दोघींनी ते घडाघडा लिहिलं होतं. पण स्वतःवर आलं की पहिल्याला आपण थकवा म्हणतो, तिसऱ्याला न्यूनगंड म्हणतो, आणि मधल्याला मात्र आपला स्वभावच समजून बसतो. तू आत्ता तिथेच अडकली आहेस. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गरने मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांबद्दल लिहिलं तेव्हाच नोंदवून ठेवलंय की झोकून देऊन काम करणारेच यात आधी सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजारांत धरलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते, असं म्हटलं. तेव्हा कोरड्या मनाचा दोष स्वतःच्या माथी मारण्याआधी तुझा दिवस जरा बघ.

अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत म्हणते. तू एकटी बाराशेंना पुरतेस. शिवाय गैरहजर शिक्षकांच्या तासांना प्रॉक्सी, पेपरांवर सुपरव्हिजन, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, कारण ‘समुपदेशक काय, मोकळ्याच असतात.’ (दार बंद असलं की आत आराम चाललाय, उघडं असलं की काम नाही!) त्यात कोणीतरी मुलाला दंडाला धरून आणणार, ‘जरा समजवा हो याला’ म्हणणार, आणि अर्ध्या तासात तो दुरुस्त होऊन परत मिळावा अशी अपेक्षा करणार.

पण माझ्या मते आपल्याला सगळ्यात जास्त पोखरतं ते वेगळंच. शिकत असताना प्रत्येक केस सुपरव्हायझरपुढे मांडायचो. चुकलो तर ओरडा बसायचा, पण कोणीतरी ऐकायचं. नोकरी लागली त्या दिवशी ते एकदम बंद झालं. गणिताच्या बाईंना बोलायला दुसऱ्या गणिताच्या बाई असतात. तुला कोण आहे? घरी सांगावं तर गोपनीयता. मग दिवसभरात ऐकलेलं तसंच उशाशी येतं, आणि मन आपलं आपण दार लावून घेतं. माझं ‘नेहमीचंच’ त्यातूनच आलं होतं.

तुला छंद जोपासायला सांगणार नाही. आम्हाला ताण कमी करण्याची कार्यशाळा दिली होती, तीही सुट्टीच्या दिवशी! त्यापेक्षा दोन आठवडे प्रत्येक तासाची नोंद ठेव : किती वेळ मुलांसोबत गेला, किती इतर कामांत. तो कागद मुख्याध्यापकांपुढे ठेव. तक्रार करू नकोस, फक्त दोन गोष्टी माग. दोन मुलांच्या मध्ये पंधरा मिनिटं, आणि महिन्यातून दोनदा अनुभवी समुपदेशकाकडे सुपरव्हिजन, म्हणजे शिकताना मांडायचो तशा केसेस मांडणं. मला पहिली मिळाली. दुसरीला नकार आला, तेव्हा आम्ही चौघीजणींनी आपापसांत गट केला. मुलांची नावं, शाळांची नावं काही नाही, फक्त आपलं काय झालं ते बोलायचं. पहिल्या बैठकीत मी पाऊण तास नुसती रडले.

झोप आणि भूक अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरकडे जा. एखाद्या मुलीने हेच सांगितलं असतं तर तू तिला दुसऱ्याच दिवशी पाठवलं असतंस. नोकरी सोडायची असेल तर सोड, मी एका शब्दाने अडवणार नाही. फक्त ते पहाटे तीनला ठरवू नकोस.

त्या आठवीतल्या मुलीला मी परत बोलावलं होतं. म्हटलं, ‘मागच्या वेळी माझं लक्ष नव्हतं, चुकलंच माझं.’ ती म्हणाली, ‘मला कळलं होतं, मॅडम.’ आणि जरा थांबून, ‘पहिल्यापासून सांगू?’

गुरुवारी शाळा सुटली की फोन करते. तुझ्या वहीत गेल्या महिन्यात काय काय लिहिलंयस ते काढून ठेव. नावं गाळून वाचून दाखव, मी नुसती ऐकेन.

तुझीच,
मैत्रीण