26 आणि 9

फिजिओथेरपिस्ट मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडची शेवटची फेरी होऊन आता सव्वा वर्ष झालं. निघताना मी घाईघाईत थँक्यू म्हटलं आणि तुम्ही पुढच्या पेशंटच्या खांद्याकडे वळलात. तेवढं पुरेसं नव्हतं, हे तेव्हापासून मनात आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. दुखतंय म्हणून पाय जपून बसलेले माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत.

मी आले तेव्हा डावी टाच दुखायला लागून आठ महिने झाले होते. सकाळी उठल्यावर पहिली दहा-पंधरा पावलं भिंत धरून टाकायची. टाचेच्या वरची जाड शीर चिमटीत धरली की डोळ्यांत पाणी यायचं. तोवर विश्रांती झाली होती, गोळ्या झाल्या होत्या, बर्फ झाला होता. एका ठिकाणी रोज जाऊन शेक आणि मशीनही लावून घेतलं होतं. बरं वाटलं की धावायला जायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एकांनी "आता धावणं विसरा" असं सांगितलं, आणि मी बूट माळ्यावर टाकले. त्या रात्री किती रडले, ते घरातही कुणाला माहीत नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी मशीन सुरूच केलं नाहीत. आधी अर्धा तास नुसतं विचारत होतात. आठवड्याला किती किलोमीटर? कधी वाढवलेत? 15 चे 30, तेही तीन आठवड्यांत, हे ऐकल्यावर तुम्ही मान हलवलीत, पण रागावला नाहीत. मग मला भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभं केलंत आणि टाच वर-खाली करायला लावलीत. उजव्या पायाने 26 वेळा झालं. डाव्या पायाने 9. दहाव्यांदा टाच जमिनीवरून सुटेचना. तुम्ही कागदावर 26 आणि 9 लिहून 9 भोवती गोल केलात. आठ महिन्यांत मला पहिल्यांदा कळलं, की पोटरीतली ताकद गेली आहे आणि ती मोजता येते.

मग तुम्ही समजावलंत. धावताना टाचेवरच्या त्या जाड शिरेवर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या टेंडनवर, शरीराच्या वजनाच्या साधारण 6 ते 8 पट ताण येतो. नुसती विश्रांती दिली की दुखणं दबतं, पण पोटरी आणि टेंडन आणखी कमजोर होतात, आणि पुढच्या वेळी त्याहून कमी धावलं तरी दुखतं. माझं नेमकं तेच चाललं होतं.

मला धीर आला तो आल्फ्रेडसन यांच्या गोष्टीने. स्वीडनमधल्या या सर्जनची स्वतःचीच टाच दुखत होती आणि त्यांना ऑपरेशन नाकारलं गेलं. मग टेंडन पुरतं बिघडू दे, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल, अशा हट्टाने त्यांनी त्यावर भरपूर भार टाकला आणि ते चक्क बरे झाले, असं सांगतात. पुढे 1998 मध्ये त्यांनी 15 धावणाऱ्यांकडून 12 आठवडे टाचेवर असाच भार टाकणारा व्यायाम करून घेतला आणि ते सगळे परत धावू लागले. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांनाच इतका गुण आला नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. त्या खरेपणामुळेच माझा विश्वास बसला.

जिन्याची शेवटची पायरी मग माझी जागा झाली. चवडे पायरीच्या कडेवर ठेवायचे, दोन्ही पायांनी वर जायचं आणि एकट्या डाव्या पायावर हळूहळू टाच खाली सोडायची. 15 वेळा, असे तीन सेट गुडघा सरळ ठेवून आणि तीन वाकवून. सकाळ-संध्याकाळ मिळून 180. गुडघा वाकवला की पोटरीच्या आतल्या स्नायूवर जास्त काम पडतं, हे तुम्ही माझाच हात पोटरीवर ठेवून दाखवलंत. दुखेनासं झालं की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरायची. सहाव्या आठवड्यात सॅक आठ किलोंची झाली होती.

व्यायाम करताना दुखायचं, आणि मला भीती वाटायची. त्यावर तुम्ही दिलेला नियम मी अजून पाळते: दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्यापेक्षा जास्त नको. वाढलं तर भार कमी करायचा, थांबायचं नाही. दुखणं म्हणजे प्रत्येक वेळी काहीतरी फाटणं नव्हे, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मी रोज सकाळी वहीत एक आकडा लिहायचे. सात, सहा, सहा, मधेच आठ (त्या दिवशी मी घाबरून फोन केला आणि तुम्ही पाच मिनिटं शांतपणे ऐकून घेतलंत), मग चार, तीन.

आईचंही सांगायला हवं. गुडघ्याचा एक्स-रे बघून ती चालायलाच घाबरली होती. तुम्ही तिला खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करायला लावलीत, पहिल्या दिवशी फक्त चार वेळा. आता ती मला न सांगता जिना उतरते.

धावणं तुम्ही एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला इथून सुरू करून दिलंत. मागच्या रविवारी मी 12 किलोमीटर धावले. सोमवारी सकाळी वहीत शून्य लिहिलं. पायरीवरचा व्यायाम आठवड्यातून तीनदा चालू आहे, आणि डाव्या पायाचा आकडा आता 27 आहे. उजव्याचाही तेवढाच.

तुमची,
डाव्या टाचेची पेशंट