मिठाईच्या भावात पुठ्ठा

दिवाळीत गर्दी वाढली की मिठाईबरोबर खोकेही काट्यावर चढते. समजा, पेढे ८०० रुपये किलो आणि खोके ६० ग्रॅमचे, तर गिऱ्हाईक ४८ रुपये नुसत्या पुठ्ठ्याचे मोजते. वैधमापन कायद्यानुसार निव्वळ वजनच द्यावे लागते, हे आम्हा दुकानदारांना चांगले ठाऊक आहे. रिकामे खोके ठेवून काटा शून्यावर आणायला एक बटण पुरते. गर्दीत वेळ नसतो ही सबब मला पटत नाही. पैसे मोजायला बरा वेळ मिळतो!

तेलाचा प्रश्न याहून गंभीर. तळून काळे पडलेले तेल स्वस्तात हातगाडीवाल्यांना विकले जाते. तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात साठत जाणारी अपायकारक संयुगे) २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. असे तेल बायोडिझेलसाठी नेणारे अधिकृत संकलक आहेत. तिथे चार पैसे कमी मिळतील, मिळू देत. त्या तेलातली भजी खाणारी पोरे आपल्याच गल्लीतली असतात.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले. पाटी दिसली नाही तर वाचकांनी बेधडक विचारावे, दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी. आणि आमच्या व्यापारी संघटनेने दिवाळीपूर्वीच्या बैठकीत दरवाढीबरोबर हेही विषय घ्यावेत.

– एक मिठाई व्यावसायिक, सातारा