माझ्या पतींचा मृत्यू कोणत्या रकान्यात? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात मला जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीचे पत्र आले. कोविडने गेलेल्यांच्या वारसांसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ५०,००० रुपयांच्या सानुग्रह सहाय्यासाठी मी केलेले अपील समितीने फेटाळले आहे. कारण एका ओळीत दिले आहे: ‘आरटीपीसीआर निगेटिव्ह, रुग्ण सारी वर्गातील, मृत्यूचे कारण न्यूमोनिया व मधुमेह, सबब अपात्र.’ (सारी म्हणजे श्वसनाचा तीव्र आजार.) खाली सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. माझ्या पतींच्या फाइलमधली पाने कुणी उलटून पाहिली असावीत, असे त्या पत्रात कुठेही दिसत नाही.

आपल्याकडे कामाचा व्याप मोठा आहे, हे मी जाणते. म्हणून आधी सांगते, की पैशांसाठी हे पत्र लिहीत नाही. मी प्राथमिक शिक्षिका आहे, माझा पगार चालू आहे, मुलीचे शिक्षण मी करू शकते. मला विचारायचे आहे ते वर्गवारीविषयी. माझे पती रुग्ण म्हणून कोणत्या वर्गात होते, हे कोणी ठरवले, कशावरून ठरवले आणि दर वेळी ते सरकारच्या सोयीचेच कसे ठरले?

वर्गवारी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा आम्हा शिक्षकांना आणि आशाताईंना आपल्याच सरकारने घरोघर पाठवले होते. हातात तापमापक, ऑक्सिमीटर आणि नोंदवही. प्रत्येकाचे बोट त्या चिमट्यात धरायचे, आकडा लिहायचा, शुगर आहे का, बीपी आहे का, हे विचारायचे आणि सहव्याधीच्या रकान्यात खूण करायची. ज्यांना या आजाराचा धोका जास्त, त्यांना आधी जपता यावे म्हणून हे विचारतोय, असे मी दारोदार सांगितले. लोकांनी विश्वासाने उत्तरे दिली. त्याच रकान्यातला मधुमेह आज माझ्या पतींच्या मृत्यूचे कारण म्हणून माझ्यासमोर ठेवला गेला आहे. ज्या आजारामुळे त्यांना आधी खाट मिळायला हवी होती, तोच आजार त्यांना यादीतून वगळायला वापरला.

एप्रिल २०२१ मध्ये त्यांना ताप आला. स्वॅब दिला, अहवाल निगेटिव्ह आला. खोकला वाढला म्हणून सिटी स्कॅन केला. फुप्फुसांतल्या संसर्गाचा स्कोअर २५ पैकी १७, आणि स्कॅनच्या अहवालात कोविड न्यूमोनियाचे चित्र असल्याचे स्पष्ट लिहिलेले. आम्ही कोविड सेंटरवर गेलो. तिथे टेबलामागच्या माणसाने बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९४ दिसले. ‘सौम्य आहे, घरीच विलगीकरण करा,’ असे सांगून पुढच्याला बोलावले. त्या वेळी यांना एक वाक्य एका दमात पुरे करता येत नव्हते.

आपल्याच यंत्रणेत तेव्हा जे उपचार-निकष लागू होते, ते मी नंतर शब्दन् शब्द वाचले. ऑक्सिजन ९० ते ९३ असेल किंवा श्वास मिनिटाला २४ वा त्याहून अधिक असेल तर रुग्ण मध्यम. ९० च्या खाली किंवा श्वास ३० च्या वर गेला तर गंभीर. म्हणजे नुसता ऑक्सिमीटर पुरेसा नाही, श्वासही मोजायचा होता. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, एक मिनिट आणि एक घड्याळ लागते. घरी आल्यावर मी तो मोजला. मिनिटाला २८ भरला. नियमाप्रमाणे माझे पती त्या टेबलासमोर मध्यम रुग्ण होते आणि त्यांना ऑक्सिजनची खाट मिळायला हवी होती. सहा मिनिटे चालायला लावून आकडा किती उतरतो ते पाहा, असे आपले अधिकारी टीव्हीवरून रोज सांगत होते. सेंटरवर त्यांना सहा पावलेही कुणी चालवले नाही.

आणि त्या ९४ वर तरी किती विश्वास ठेवायचा? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्येच दाखवून दिले होते, की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के नोंदींत रक्तातला प्रत्यक्ष ऑक्सिजन ८८ च्याही खाली होता, गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण ३.६ टक्के होते. त्वचा गडद असली की यंत्र फसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तसा इशाराही दिला. आपला सगळा देश सावळ्या बोटांचा आहे. इथे एका आकड्याच्या फरकावर माणूस घरी जाणार की खाटेवर, हे ठरत होते. त्या आकड्याबद्दल आपल्या विभागाने सेंटरवरच्या कर्मचाऱ्यांना एक सूचना तरी दिली होती का?

दुसऱ्या रात्री ऑक्सिजन ८१ वर आला. पुढचे सगळे सांगत बसत नाही, त्या महिन्यात हजारो घरांनी ते भोगले आहे. पण एक गोष्ट आपण ऐकलीच पाहिजे. कोविड रुग्णालयाच्या फाटकावर विचारले, ‘पॉझिटिव्ह रिपोर्ट आहे का?’ नव्हता. मग खाटा वाटणाऱ्या वॉर रूममधून बेड मिळणार नाही. तिथून साध्या रुग्णालयात नेले, तर त्यांनी स्कॅन पाहून सांगितले, ‘हा कोविड आहे, आम्हाला घेता येणार नाही.’ एकाच रात्री एकच माणूस एका फाटकावर कोविडचा नव्हता आणि दुसऱ्या फाटकावर कोविडचा होता. रुग्णवाहिकेतला सिलिंडर संपत आलेला. मोठे दीर फोनवर कुणाकुणाच्या पाया पडत होते. मी यांचा हात धरून बसले होते, आणि नखे निळी पडताना पाहत होते. हे मी कुणाला सांगितले नव्हते. मुलीलाही नाही.

शेवटी एका ठिकाणी ‘सारी’च्या वॉर्डात जागा मिळाली. श्वसनाचा तीव्र आजार, पण कोविडची चाचणी निगेटिव्ह किंवा अहवाल यायचा, अशांना ठेवायची ती जागा. केस पेपर माझ्याकडे आहेत. त्यांत ऑक्सिजन आहे, स्टेरॉइड आहे, रक्त पातळ करण्याची इंजेक्शने आहेत आणि रेमडेसिवीर आहे. महोदय, एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिवीर दुकानात मिळत नव्हते. जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रणातून रुग्णालयाला कोटा येत होता, आणि तो कोविडच्या रुग्णांसाठीच होता. म्हणजे औषध देताना ते कोविडचे रुग्ण होते. ते गेले, तेव्हाही होते. आम्हाला देह मिळाला नाही. पिशवीत गुंडाळून, चेन लावून, कोविडच्या नियमांप्रमाणे पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी अंत्यसंस्कार केले. मुलीला वडिलांचे तोंड पाहू दिले नाही. मी विनवले, तर सांगितले, ‘ताई, कोविड बॉडी आहे, नियम आहे.’

आणि मृत्यूच्या नोंदीत न्यूमोनिया.

संसर्गाची भीती होती म्हणून देह दिला नाही, हे मी समजून घेतले होते. पण ज्या मृत्यूला संसर्गाचा म्हणून चितेवर नेले, तो कागदावर उतरताना संसर्गाचा का राहिला नाही?

चाचणी निगेटिव्ह होती, असे आपले अधिकारी म्हणतील. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्येच मांडले होते, की लक्षणे दिसू लागतात त्या दिवशी आरटीपीसीआर सुमारे ३८ टक्के बाधितांना चुकून निगेटिव्ह ठरवते, आणि सगळ्यात चांगल्या दिवशीही, लक्षणांच्या तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला, पाचातला एक सुटतो. हे जगाला ठाऊक होते म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मृत्यूच्या नोंदीसाठी दोन वेगळे संकेतांक दिले: विषाणू सापडला असेल तर एक, आणि सापडला नाही पण डॉक्टरांच्या निदानाने कोविड आहे तर दुसरा. आपल्या आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० सालीच लिहून ठेवले होते, की मधुमेह, रक्तदाब, दमा असे आधीचे आजार कोविड मृत्यूचे मूळ कारण म्हणून लिहू नयेत. केंद्राने एप्रिल २०२० मध्ये कोविड केअर सेंटर, हेल्थ सेंटर आणि रुग्णालय अशी त्रिस्तरीय रचना आखली, तिच्यातही संशयितांसाठी स्वतंत्र जागा ठेवायला सांगितली होती. ८ मे २०२१ रोजी पुन्हा स्पष्ट केले, की दाखल करून घ्यायला पॉझिटिव्ह अहवालाची सक्ती नाही आणि कुणालाही कोणत्याही कारणाने परत पाठवायचे नाही. तोवर माझे पती जाऊन दोन आठवडे उलटले होते. वर्षभर जे कागदावर होतेच, ते फाटकावरच्या माणसापर्यंत पोचायला इतकी माणसे जावी लागली.

आता सहाय्याचे. सप्टेंबर २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की रुग्णालयात दाखल असताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तपासण्यांवरून कोविडचे निदान केले असेल, तर तोही कोविड रुग्ण. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी स्पष्ट बजावले, की केवळ मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेले नाही म्हणून कुणालाही सहाय्य नाकारता येणार नाही, आणि समितीने रुग्णालयाकडून कागद मागवून तपासावेत. मला आलेल्या पत्रात नेमके तेच कारण आहे, जे न्यायालयाने चालणार नाही म्हणून सांगितले. मग जिल्ह्यातली समिती न्यायालयाहून मोठी आहे का?

मी एकटी नाही, हे मला ठाऊक आहे. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांत आपल्या महाराष्ट्राने नोंदलेले कोविड मृत्यू होते १ लाख ४१ हजारांवर आणि सहाय्यासाठीचे अर्ज २ लाखांहून जास्त. गुजरातेत नोंदलेले मृत्यू दहा हजारांच्या आसपास, अर्ज ८९ हजारांवर. काही अर्ज दुबार असतील, काही खोटेही असतील, मान्य. पण सगळेच? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीच्या प्रमाणापेक्षा ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला, आपला कोविड मृत्यूंचा सरकारी आकडा तेव्हा त्याच्या एक दशांश होता. सरकारने त्यांची पद्धतच अमान्य केली. करा अमान्य. मग आपली पद्धत काय आहे, ती तरी सांगा. ज्या देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते, त्या देशाने आमचा आकडा अचूक आहे असे जगाला कोणत्या तोंडाने सांगायचे? बाकीचे कशाने गेले ते कुणी पाहिलेच नाही.

आणि न पाहणे हेच धोरण होऊन बसले आहे. चाचण्या कमी केल्या की रुग्ण कमी. ‘सारी’ लिहिले की कोविड मृत्यू कमी. सौम्य लिहिले की खाटांची टंचाई कमी. रोज संध्याकाळी डॅशबोर्डवर मृत्युदराची टक्केवारी झळकत होती, आणि तो दर खाली राहावा म्हणून खालच्या डॉक्टरवर, खालच्या कारकुनावर काय दबाव होता, हे आपण शोधले आहे का? मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या, स्वतः तापाने फणफणलेल्या मुली मी त्या वॉर्डात पाहिल्या आहेत. एकेका परिचारिकेकडे किती खाटा होत्या, ते त्यांना विचारा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते, की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी. आपले राज्य त्याच्या जवळपासही पोचले नाही. माणसे नेमायची नाहीत, यंत्रे द्यायची नाहीत, आणि साथ आली की शिक्षकांच्या हातात ऑक्सिमीटर देऊन आकडे गोळा करायचे. ते आकडे कुठे गेले, साहेब? माझ्या नोंदवहीतल्या सहव्याधी असलेल्या एकातरी माणसाला त्या नोंदीमुळे दुसऱ्या लाटेत लवकर खाट मिळाली का? माझ्या पतींना नाही मिळाली. त्यांचे नावही त्या मोहिमेत लिहिलेले होते.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. ‘सारी’ आणि ‘संशयित’ या वर्गांत नोंदलेला दुसऱ्या लाटेतला प्रत्येक मृत्यू केस पेपर आणि स्कॅन मागवून पुन्हा तपासावा, आणि तपासणाऱ्यांत छातीविकारांचे डॉक्टर असावेत. नुसत्या निगेटिव्ह अहवालावर फेटाळलेले सर्व अर्ज आपणहून पुन्हा उघडावेत, बायामाणसांना परत रांगेत उभे करू नये. आणि पुढच्या साथीत रुग्णाला सौम्य म्हणून घरी पाठवणाऱ्याने त्याच्या कागदावर ऑक्सिजनसोबत श्वासाचा दर, पाहिल्याची वेळ आणि स्वतःची सही लिहिल्याशिवाय त्याला घरी पाठवता येणार नाही, असा लेखी आदेश आजच काढावा.

माझ्या स्वतःच्या अर्जाबद्दल मला आपल्या विभागाकडून लेखी उत्तर हवे आहे. स्कॅनचा अहवाल आणि रेमडेसिवीरची नोंद असताना माझे पती कोविडचे रुग्ण नव्हते, हे कोणत्या डॉक्टरने कोणत्या आधारावर ठरवले, ते त्यात असावे. समितीने रुग्णालयाकडून केस पेपर कोणत्या तारखेला मागवले, तेही असावे. रुग्णालयातल्या नोंदणी विभागात मी चौकशी केली आहे, असे कोणतेही पत्र त्यांच्या आवक वहीत नाही.

आपली,
एक अर्जदार शिक्षिका