कॅमेरा बसवण्याआधी

बडोदे,
११ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. दांडिया बाजारातल्या घरी काका-काकूंसाठी दोन कॅमेरे बसवणे, काकूंना नवा फोन घेणे आणि काकांच्या जुन्या कॉम्प्युटरचा काय तो निकाल लावणे, अशी तीन कामे तू माझ्यावर सोपवलीस, याचा मला मनापासून आनंद आहे. तिन्ही मी करीन. परंतु परवा रात्री नव्या उपकरणांच्या आणि हॅकिंगच्या बातम्यांवर आपले नेहमीचे बोलणे चालले असताना तू म्हणालास, "आपल्या घरात डोकावायला कोण बसले आहे?", आणि ते वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. त्याचे उत्तर फोनवर घाईत देण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्या घराकडे टक लावून कोणी माणूस बसलेला नसतो, हे तुझे म्हणणे अगदी बरोबर आहे. मात्र इंटरनेटवरचा एकेक पत्ता ठोठावून पाहणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, आणि काका कोण, बडोदे कुठे, घरात चोरण्यासारखे काय आहे, यांच्याशी त्यांना काहीही देणेघेणे नसते. २०१६ सालच्या मिराई नावाच्या अशाच एका प्रोग्रामची हकिकत तुला आठवत असेल. कॅमेरे, डीव्हीआर (म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी) आणि राउटर कारखान्यातून बाहेर पडताना त्यांना जे ठरावीक लॉगिन-नाव आणि पासवर्ड दिलेले असतात, त्यांतल्या सुमारे साठ जोड्यांची यादी एवढेच त्या प्रोग्रामचे भांडवल होते. सबंध पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, घरांना एकाच किल्लीने उघडणारी कुलुपे लावलेली असावीत, तशी त्या उपकरणांची अवस्था होती. मिराई दिसेल त्या पत्त्यावर ती यादी चालवून पाही, आत शिरे आणि त्या उपकरणाला आपल्या सैन्यात दाखल करून घेई. सप्टेंबरअखेरीस त्याचा कोड उघड्यावर टाकला गेला, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या झुंडीने डिन या अमेरिकन कंपनीच्या सर्व्हरवर मारा केला. संकेतस्थळांची नावे त्यांच्या पत्त्यांशी जोडून देण्याचे काम ही कंपनी करीत असे, त्यामुळे अमेरिकेत आणि युरोपच्या काही भागांत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट ही संकेतस्थळे काही तास उघडेनात. मूळ प्रोग्राम लिहिणारे तिघेही अमेरिकेतले कोवळे तरुण होते आणि २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवाल्यांच्या आपसांतल्या चढाओढीतून हे सारे सुरू झाले होते.

या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांच्या घरचे कॅमेरे या झुंडीत सामील झाले होते, त्या मालकांना त्याचा पत्ताच नव्हता, कारण कॅमेरा नेहमीप्रमाणे चित्र दाखवीत होता. उपकरण बंद करून पुन्हा चालू केले की मिराई त्याच्या स्मृतीतून पुसला जाई, पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात पुन्हा आत येई. आणि काही उपकरणांत तर पासवर्ड कारखान्यातच असा पक्का बसवलेला होता की मालकाने ठरवले तरी त्याला तो बदलता येत नव्हता. अशा वस्तूला दुरुस्त करू शकणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे तिचा निर्माता, आणि त्याने हात झटकले की ती वस्तू कायमची उघडी राहते.

हे अमेरिकेचे झाले. आपल्या राजकोटचे प्रकरण तर गेल्याच वर्षीचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एका प्रसूतिगृहातल्या सीसीटीव्हीची चित्रफीत यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर फिरताना आढळली. तपासणीसाठी आलेल्या स्त्रिया त्यात दिसत होत्या आणि तशा चित्रफिती पैसे घेऊन विकल्या जात होत्या. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने तपास केला तेव्हा धागेदोरे महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशात निघाले, आणि पकडलेल्यांत लातूर-सांगलीकडचे तरुणही होते. तपासाच्या बातम्यांत ॲडमिन१२३ अशा धर्तीच्या पासवर्डचा उल्लेख आला. म्हणजे कोणतीही असामान्य विद्या लागली नाही. कोणी तरी कॅमेरा बसवला, बसवणाऱ्याने पासवर्ड जसाच्या तसा ठेवला, आणि ज्या स्त्रियांना त्या खोलीत कॅमेरा आहे हेही कदाचित माहीत नव्हते, त्यांनी त्याची किंमत मोजली. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. डोकावणाऱ्याला आपण कोण आहोत याच्याशी कर्तव्य नसते. उघडे दार सापडले की त्याचे काम होते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की तू आधी काकूंना विचार. एक कॅमेरा दिवाणखान्यात आणि दुसरा त्यांच्या खोलीच्या दाराशी, असा तुझा बेत आहे. त्यामागची काळजी मी पूर्णपणे समजू शकतो. काकांचा गुडघा, रात्रीचे उठणे आणि तू पुण्यात, हे सर्व माझ्या डोळ्यांसमोर आहे. परंतु त्या घरात काकू पहाटे उठून केस मोकळे सोडून बसतात, काकांना तेल लावतात, कधी कोणाशी मन मोकळे करून बोलतात. ते सगळे तुझ्याशिवाय आणखी कोणाच्या हाती पडणार नाही याची खात्री तुला देता येत नसेल, तर तो कॅमेरा आत असू नये, असे माझे ठाम मत आहे. एक कॅमेरा बाहेरच्या दरवाजावर आणि दुसरा मागच्या अंगणावर बसवू. रात्रीच्या काळजीसाठी काकांच्या पलंगाजवळ साधी बिनतारी घंटा बसवता येते. तिचे बटण दाबले की काकूंच्या खोलीत आवाज होतो आणि तिला इंटरनेट लागतच नाही. इतके करूनही आत कॅमेरा हवाच असे काकू स्वतः म्हणाल्या, तर मी आनंदाने बसवीन.

आता कॅमेरा कोणता घ्यायचा ते सांगतो. तू जो स्वस्तातला पाठवलास त्याच्या जाहिरातीत चित्राची सुस्पष्टता आहे, रात्रीची दृष्टी आहे, मान वळवण्याची सोय आहे, पण त्याला सुरक्षेचे अपडेट्स किती वर्षे मिळतील याबद्दल एक अक्षर नाही. मी रावपुऱ्यातल्या एका दुकानात हाच प्रश्न विचारला, तेव्हा दुकानदाराने मला वॉरंटीचे कार्ड दाखवले. वॉरंटी म्हणजे वस्तू बिघडली तर बदलून मिळण्याची हमी, आणि ती महत्त्वाची आहेच; परंतु न बिघडता, उत्तम चालत असताना जी वस्तू धोक्याची होते, तिच्याबद्दल ते कार्ड काहीच बोलत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदा लागू आहे की इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देता येत नाही, आणि किमान किती काळ सुरक्षा-अपडेट्स देणार हे उत्पादकाला आधीच जाहीर करावे लागते. मला हा कायदा फार मोलाचा वाटतो, कारण त्याने ग्राहकाच्या हाती विचारण्याजोगा प्रश्न दिला. आपल्याकडेही एप्रिल २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत, तेव्हा त्या चाचण्या उत्तीर्ण झालेलाच कॅमेरा घेऊ. चिनी की भारतीय, यावर तू आणि मी बरेच बोललो आहोत. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. ज्या कंपनीने गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या जुन्या मॉडेलांना नियमाने अपडेट्स दिलेले दिसतात, ती कंपनी कोणत्याही देशाची असो, मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवीन.

बसवताना मी काय करीन तेही लिहून ठेवतो, म्हणजे तुला मागाहून पाहता येईल. राउटरचा आणि कॅमेऱ्यांचा मूळ पासवर्ड बदलून प्रत्येकाला निराळा आणि लांब पासवर्ड देईन. उपकरणांना राउटरकडून आपोआप बाहेरचे दार उघडून घेता येते, ती यूपीएनपीची सोय बंद करीन. कॅमेरे पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवर ठेवीन, म्हणजे त्यांतल्या एखाद्यात कोणी शिरले तरी काकांच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणे अवघड जाईल. चित्रण कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावरच राहील. तुझ्या फोनवरच्या ॲपला दुहेरी पडताळणी तू स्वतः लाव, ते काम माझ्याकडून होण्यासारखे नाही.

काकूंच्या फोनबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे निर्णय सोपा आहे. अँड्रॉइडवर दरमहा सुरक्षा-अपडेट्स येण्याची पद्धत २०१५ च्या उन्हाळ्यात स्टेजफ्राइट नावाची खोट उघडकीला आल्यानंतर रूढ झाली. नुसत्या एका संदेशातून आलेल्या व्हिडिओने फोनमध्ये शिरता येईल अशी ती खोट होती. तेव्हापासून कंपन्यांची आश्वासने वाढत गेली आणि गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला, तर सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षांचे वचन दिले. इतका महागडा फोन काकूंना नको. पण एक गोष्ट लक्षात ठेव, ही वर्षे सहसा फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजली जातात, आपण घेतल्या दिवसापासून नाही. सवलतीत मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा फोन चार वर्षांच्या वचनाचा असेल, तर त्यातली निम्मी वर्षे आपल्या हाती येण्याआधीच संपलेली असतात. या बाबतीत युरोपीय संघाचा २० जून २०२५ पासूनचा नियम मला अधिक न्यायाचा वाटतो, कारण त्यात मॉडेलची विक्री थांबल्यापासून पुढे पाच वर्षे मोजतात. तू दुकानातून फोन पाठवण्यापूर्वी तो कधी बाजारात आला आणि अपडेट्स कधीपर्यंत आहेत, एवढे पाहून मला कळव.

राहिला काकांचा कॉम्प्युटर, आणि खरी अडचण तिथेच आहे. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. काकांचे यंत्र जुन्या प्रोसेसरचे असल्यामुळे त्यावर विंडोज ११ रीतसर चढत नाही. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट्स घेता येतात, आणि ती नोंदणी मी या आठवड्यातच करून देतो. तरीही पुढचा विचार आत्ताच करायला हवा. "जुने यंत्र चालते आहे ना, मग चालू दे," असे काका म्हणतात, आणि वस्तू जपून वापरण्याच्या त्यांच्या वृत्तीबद्दल मला आदरच आहे. परंतु १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम पसरला तेव्हा दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर अडकले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आणि विंडोजमधल्या ज्या खोटीतून तो शिरे तिच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. अडकलेल्यांपैकी बहुतेक यंत्रे विंडोज ७ ची होती, म्हणजे औषध मिळत असूनही ते घेतले गेले नव्हते. देखभाल संपलेल्या यंत्राला तर औषधच मिळत नाही.

काका बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार आणि वर्तमानपत्रे यांपलीकडे कॉम्प्युटरवर एकच काम करतात, ते म्हणजे मंडळाच्या अंकाची जुळवणी. जुन्या अंकांची सगळी पाने श्रीलिपी या जुन्या टंकांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेली आहेत आणि ती त्या जुन्या विंडोजवरच नीट उघडतात. त्यांच्या इतक्या वर्षांच्या कष्टांवर बोळा फिरवायला मी तयार नाही. म्हणून मी असे सुचवतो की ते यंत्र तसेच ठेवावे, मात्र त्याची इंटरनेटची जोडणी कायमची काढून टाकावी, आणि ते केवळ अंकाच्या कामाला लावावे. बँकेसाठी आणि वाचनासाठी तुझ्याकडे पडून असलेला लॅपटॉप पाठव. तोही विंडोज ११ चालवण्याजोगा नसला तर त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत प्रणाली घालीन, जिला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत आणि जिच्यात इनस्क्रिप्ट या कळफलकाने देवनागरी उत्तम लिहिता येते. काका मूळचे टंकलेखनाच्या तालमीतले, त्यांना नवा कळफलक शिकायला वेळ लागणार नाही, आणि मी रविवारी सकाळी जाऊन शेजारी बसायला तयार आहे. जुनी पाने हळूहळू युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणण्याचे काम आम्ही दोघे मिळून करू. ते वेळखाऊ आहे, कारण जोडाक्षरे आणि रफार पानोपानी तपासावे लागतात, पण तो मजकूर टिकवायचा तर दुसरा मार्ग मला दिसत नाही.

तेव्हा लॅपटॉपचे मॉडेल, फोनची माहिती आणि काकूंचे उत्तर, एवढे मला कळव. काकूंशी तू स्वतः बोल. मी विचारले तर माझ्या भिडेखातर त्या "चालेल" म्हणून मोकळ्या होतील. तुझे उत्तर येईपर्यंत मी काही विकत घेत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुम्हा सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा.

तुझाच,
बडोद्याचा मित्र