ट्रक घेतला, काळजी नसावी

नेब्रास्का, अमेरिका,
१२ जानेवारी

ती. आबा व ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, कानटोपी घालतो. आई, तुझे प्रश्न आधीच संपवून टाकले.

आबा, गाईंचा ट्रेलर ओढायला ट्रक घेतला. फोनवर ‘गॅसचा’ म्हणालो तर तुम्ही सिलिंडर फुटण्यावर गेलात. अहो, इथे पेट्रोललाच गॅस म्हणतात. ‘डिझेल सोडून पेट्रोल? पैसे जास्त झालेत का?’ असंही म्हणालात. इथे उलटं आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा महाग, आणि तोच ट्रक डिझेल इंजिनाचा घ्यायचा तर दहाएक हजार डॉलर वर मोजायचे. शिवाय धूर साफ व्हायला वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी ओतायचं. हो, युरियाच! पिकाला नव्हे, गाडीला.

ओढ डिझेलचीच, कबूल. जवळजवळ दुप्पट. उतारावर तर इंजिनच गाडी धरून ठेवतं. रोज डोंगरातून गाई न्यायच्या असत्या तर डोळे झाकून तोच घेतला असता. पण माझ्या खेपा महिन्याला दोन-तीन, आठ-दहा गाई, ट्रेलर धरून सात-आठ टन, रस्ता सपाट. एरवी ट्रक गावातल्या गावात. तेवढ्याशा फेऱ्यांत डिझेलच्या धुराड्यातली जाळी काजळीने तुंबते. ती काजळी जळायला लांबचा पल्ला लागतो. माझा ओझं लागलं की पेट्रोल ढोसतो, ते सोसेन. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत, तेव्हा घाबरू नका.

इथला एक प्रकार मला पहिल्या वर्षी कळलाच नव्हता. संध्याकाळी लोक ट्रकच्या नाकातून लोंबणारी वायर घराच्या प्लगला लावतात. मला वाटलं, ट्रक विजेवर चालतो. तसं नाही. थंडीत डिझेलचं इंजिन गारठून सकाळी उठत नाही, म्हणून आतला हीटर रात्रभर चालू. थंडीत डिझेलमधलं मेणही गोठतं, पण त्यावर हा हीटर चालत नाही; ते गोठू नये म्हणून डिझेलमध्ये वेगळं औषध. हीटर फक्त इंजिनाला ऊब देतो. गोठ्यात दावणीला बांधावं तशी ओळीने उभी असतात धुडं! सकाळी वायर न काढताच निघणारेही आहेत. मालकाने एकदा अख्खी वायर बाजारापर्यंत फरपटत नेली. पेट्रोलवाल्याला ही कटकट कमी. तरी मालक माझ्या ट्रकला हसतो, हसू दे.

वाचलेल्यातले पाच लाख बबीच्या लग्नासाठी पाठवलेत. कर्ज काढू नका, मांडव मोठा घाला. आबा, मार्चात लग्नाला मला येता येणार नाही. तेव्हाच गाई वितात, रात्री दर दोन तासांनी उठावं लागतं, आणि माझ्या भरवशावर मालक निर्धास्त असतो. पैसे पाठवून सुटका करून घेतोय असं बबीला वाटू देऊ नका. तिला मी स्वतः फोन करणार आहे; दोनदा लावला आणि ठेवला.

कानपिळीला काकांच्या बंडूला उभं करा. जावईबापूंच्या कानाला एक पीळ माझ्या वाटचा द्यायला सांगा.

ट्रकचा फोटो सोबत आहे. मागे बर्फ फार दिसतंय, आईला लगेच दाखवू नका.

आपला,
सुधीर