खळीत मोरचूद किती घालायचं?

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "जलरंगात एवढा छान हात बसलाय, मग हा कचरा कशाला चिकटवत बसतेस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

वणव्यात जळालेलं रान मी तीनदा जलरंगात केलं. तिन्ही चित्रं देखणी झाली आणि तेच मला सोसेना. म्हणून आता त्याच रानातला कोळसा आणि राख कॅनव्हासवर आहे, नदीकाठच्या झुडपांत अडकलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या आहेत. कोळशाचा तुकडा डोळ्याजवळ धरला की झाडाची वलयं अजून दिसतात. एकात 31 मोजली, मग त्या दिवशी हात चालेना.

2015 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये हवामान परिषद चालू असताना ओलाफुर एलियासन या कलाकाराने ग्रीनलंडच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत, तुटून तरंगणारे बर्फाचे 12 प्रचंड तुकडे भर चौकात घड्याळाच्या तबकडीसारखे मांडले होते. लोक त्यांना हात लावत, कान लावत. बर्फ वितळताना आत कोंडलेली जुनी हवा तडतडत बाहेर पडते. एवढा बर्फ इतक्या लांब आणायला इंधन जळलंच, ते मलाही खटकतं. पण आलेख पाहून कुणाचा तळहात गार पडत नाही, बाबा.

माझ्याही कामात एक गोष्ट टोचत होती. राख बसवायला मी अ‍ॅक्रिलिकचं माध्यम वापरायचे. ते प्लास्टिकच, ब्रश धुतला की कण मोरीतून थेट पाण्यात. म्हणून पिठाची खळ शिजवली, तुम्ही वह्या बांधायला शिजवायचात तशी. आठवड्यात बुरशी धरली आणि अर्धी राख पापुद्र्यासारखी सुटून आली. बुरशी धरू नये म्हणून तुम्ही खळीत मोरचूद घालायचात ना? नेमकं किती, आणि खळ गरम असताना की निवल्यावर, ते लिहा. मोरचूद माशांना विषारी, तेव्हा भांडं मोरीत विसळणार नाही, कागदाने पुसून घेईन.

आई, कॅनव्हास मधोमध फाडलाय आणि ती फाट धावदोऱ्याने शिवतेय. तुझ्यासारखे बारीक टाके पडत नाहीत, दोनदा उसवले. वीतभर शिवण मुद्दाम बाकी ठेवलीय. तुम्ही दोघं याल तेव्हा ती तू घाल. सुई ओवून ठेवते.

तुमची लेक