आमच्या लहान्याला कुणी हाकललं नाही, तो व्हिसाच्या स्टॅम्पिंगला आलाय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात तालुक्याच्या पानावर खाली कोपऱ्यात एक बातमी होती, अमेरिकेने वापस पाठवलेले आपल्या भागातले तरुण गावात येऊन रिकामे बसलेत अशा अर्थाची. नाव कुणाचं नव्हतं पण गावाचं होतं, आणि आमच्या गावातून अमेरिकेत नोकरीला गेलेला पोट्टा एकच, माझा लहाना भाऊ. म्हणजे नाव न छापताही छापल्यासारखंच झालं. मी तुरीसाठी थ्रेशरवाल्याला विचारायला चौकात गेलो तर तिथे निकाल लागून मोकळा, पहिलाच प्रश्न आला, "काऊन गा, लहान्याले हाकलून देल्लं म्हणे ट्रम्पनं?"

भाऊ म्हणतो जाऊ दे दादा, चार दिवसांत लोक विसरतील. तो विसरेल कारण तो मार्चनंतर जाईल, आम्हाला इथेच राहायचंय. आईला देवळात बाया विचारून राहिल्या. आणि शेजारच्या गावात असाच एक पोरगा येऊन अडकलाय, त्याची सोयरीक जवळपास जमली होती, बातमी आल्यापासून मुलीकडचे फोन उचलत नाहीत. म्हणून लिहितोय.

मुळात बातमीदाराला वाटलं काय असेल ते मला कळलं. आमचा भाऊ दिवसा झोपलेला असतो. दुपारी दोनला उठतो, बाजेवर बसून चहा पितो, पायजम्यावर चौकात चक्कर मारतो. पाहणाऱ्याला वाटणारच की नोकरी गेली. पण तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तेव्हा तो माडीवर जाऊन लॅपटॉप उघडतो, कारण खाली रेंज नाही, आणि पहाटे पाचला मी ओलिताला निघतो तेव्हा तो झोपायला खाली येतो. कंपनीने त्याला मार्चअखेरपर्यंत इथून काम करायची परवानगी दिली आहे. पगार चालू आहे. पंधरा दिवसांपासून त्याची आणि माझी भेट फक्त जिन्यात होते.

आता स्टॅम्पिंग काय ते सांगतो, मलाही हे पाच वर्षं ऐकून ऐकून समजलं. एच वन बी ही तिथे नोकरी करायची परवानगी, त्यासाठी अमेरिकेतली कंपनी आधी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करते, हा माणूस आम्हाला कामाला पाहिजे म्हणून, त्याला पिटिशन म्हणतात. वर्षाला ६५ हजार आणि तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार एवढाच कोटा, त्यासाठी लॉटरी लागते. नंबर लागला, अर्ज मंजूर झाला की काम करायची परवानगी झाली, सहसा तीन वर्षांची, मग आणखी तीन वाढवून मिळते. पण पासपोर्टवर जो व्हिसा चिकटवतात, ज्याला सगळे स्टॅम्प म्हणतात, तो वेगळा. तो अमेरिकेच्या बाहेरच्या त्यांच्या कॉन्सुलेटमध्ये मिळतो आणि तो फक्त विमानतळावर दारातून आत जाण्यापुरता. आत असताना स्टॅम्प संपला तरी माणूस बेकायदा होत नाही, कागद मंजूर असला की नोकरी करू शकतो, राहू शकतो. फक्त एकदा बाहेर पडला की नवा स्टॅम्प घेतल्याशिवाय आत जाता येत नाही.

आपल्या माणसाला कळेल असं सांगतो. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी करा, ती मंजूर होऊ द्या, मग स्लॉट घ्या. हमीभाव लांब धाग्याला ८,११० जाहीर आहे, तुमची नोंदणी मंजूर आहे, सातबारा तुमच्या नावाचा आहे, कापूस ओला नाही, पण स्लॉट नसेल तर गाडी जिनिंगच्या आत जात नाही. म्हणून कुणी म्हणतं का की ह्याचा कापूस सरकारने नाकारला? भावाचं एवढंच आहे, त्याची परवानगी सप्टेंबर २०२७ पर्यंत मंजूर आहे, कागद घरात आहे, स्लॉट पुढे गेला.

स्लॉट पुढे का गेला तर सांगतो. आधी नूतनीकरणाला ड्रॉपबॉक्स म्हणून सोय होती, मुलाखत नाही, कागद आणि पासपोर्ट नेऊन द्यायचा आणि वाट पाहायची. २ सप्टेंबर २०२५ पासून एच वनवाल्यांसाठी ती बंद, आता सगळ्यांना मुलाखतीला जावं लागतं. त्याच महिन्यात दुसरं फर्मान निघालं की ज्याने त्याने आपल्या देशात किंवा जिथे राहतो त्या देशातच अर्ज करावा, त्याआधी बरेच जण मेक्सिको नाहीतर कॅनडात जाऊन चार दिवसांत स्टॅम्प घेऊन यायचे, तेही गेलं. आणि मग १५ डिसेंबरपासून एच वन आणि त्यांच्या बायकापोरांच्या एच फोर व्हिसासाठी सोशल मीडिया तपासणं सुरू झालं. त्यात वेळ जातो म्हणून भारतातल्या डिसेंबरच्या कितीतरी मुलाखती थेट मार्चमध्ये ढकलल्या. वरून सांगितलं की जुन्या तारखेला आलात तर आत घेणार नाही.

भाऊ उतरला ६ डिसेंबरला. मुलाखत १७ ला होती, वापसीचं तिकीट २८ चं. मेल आला १० तारखेला, नवी तारीख मार्चचा शेवटचा आठवडा. त्या दिवशी घरात पुरणाचा स्वयंपाक होता आणि तो ताटावरून उठला, आईला वाटलं मुलाला पुरण गोड लागलं नाही.

आला होता तो बाबांच्या वर्षश्राद्धाला, स्टॅम्पिंग त्याच फेरीत करायचं होतं. बाबा गेले डिसेंबर २०२४ मध्ये, तेव्हा त्याचा स्टॅम्प तीन महिने आधी संपलेला होता आणि इथे तारखा मिळत नव्हत्या, बायको आणि लहान पोरगी तिथे एकटी, आला असता तर कधी वापस जाता येईल सांगता येत नव्हतं. त्याने अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर पाहिला. फोन माझ्या साळ्याने धरला होता आणि धुरामुळे त्याला काही दिसत नव्हतं तरी दोन तास तो फोन कापला नाही. तेव्हा हेच चौकातले लोक म्हणाले, बापाच्या तेरवीले नाही आला, पैशाच्या मागे लागला पोट्टा. आता आला तर म्हणतात हाकलून दिला. म्हणजे पोट्ट्यानं करावं तरी काय बाप्पा?

कुणी म्हणेल मग तिथल्या तिथेच का नाही स्टॅम्प करून देत. २००४ पर्यंत देत होते, मग बंद केलं. २०२४ च्या सुरुवातीला २० हजार लोकांसाठी एकदा प्रयोग म्हणून केलं, पण त्यात भारतातून स्टॅम्प घेतलेल्यांपैकी फक्त फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२१ मधलेच बसत होते, भावाचा स्टॅम्प २०२२ चा, तो बसला नाही.

२०२२ ला मीच त्याच्यासोबत मुंबईला गेलो होतो. धामणगाववरून विदर्भ एक्सप्रेस, सकाळी मुंबईत, पहिल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी बीकेसीला अमेरिकेच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. आत मोबाईल चालत नाही, म्हणून त्याचा मोबाईल, पट्टा, बॅग, पाण्याची बाटली सगळं घेऊन मी रस्त्यापलीकडे उभा, लग्नातल्या करवल्यासारखा. माझ्यासारखे बाप, भाऊ, सासरे पन्नासेक होते. गुजरातचा एक म्हातारा होता, त्याने मला ढोकळा दिला. भाऊ बाहेर आला तर म्हणे तीन मिनिटं लागली, कंपनी कोणती, काम काय करता, पगार किती, झालं. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणे. मी घाबरलो. तेव्हा कळलं की ठेवून घेतला म्हणजे सहसा काम झालं, हातात वापस देऊन सोबत चिठ्ठी दिली तर घोर, ती २२१ जी ची चिठ्ठी, म्हणजे आणखी कागद आणा नाहीतर आमची चौकशी संपेपर्यंत थांबा, आणि त्याला मुदत नाही. सरकारी कचेरीत कागद वापस मिळाला नाही म्हणून खूश होऊन मिसळ खाल्ल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

आता सोशल मीडियाचं. अर्जात मागच्या पाच वर्षांतली सगळी खाती लिहावी लागतात आणि ती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवावी लागतात. त्यामुळे भावाचं फेसबुक आता कुणीही पाहू शकतं, पोळ्याला बैलाच्या शिंगाला रंग लावतानाचा फोटो, कॉलेजातलं गॅदरिंग, सगळं. आमच्या एका काकाने त्याच्या जुन्या फोटोखाली ट्रम्पवर चार ओळी ठोकल्या होत्या, त्या काढायला लावण्यासाठी आम्ही रात्री अकराला मोटरसायकलने त्यांच्या घरी गेलो कारण काकाला डिलीट करता येत नव्हतं. माझं मत विचाराल तर हे अति आहे. ज्या माणसाला त्यांनी तिथे शिकू दिलं, चार वर्षं कामाला ठेवलं, टॅक्स घेतला, त्याला आत घ्यायचं की नाही हे पोळ्याच्या फोटोवरून काय ठरवणार. पण देश त्यांचा, दार त्यांचं.

आणि एक लाख डॉलरचा घोळ. सप्टेंबर २०२५ मध्ये एच वन बीच्या नव्या अर्जांवर तेवढी फी जाहीर झाली, आणि पानठेल्यावर हिशोब लागला, नव्वद लाख. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ घरी आले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि हळूच विचारलं, नाल्याकडचं चार एकर विकायला काढून राहिले का म्हणे. ती फी लावली ती २१ सप्टेंबर २०२५ पासून बाहेर देशात असलेल्या माणसांसाठी टाकलेल्या नव्या अर्जांना, आणि भरायची कंपनीने. भावाची मंजुरी त्याच्या आधीची, त्याला ती लागू नाही. चार एकर कुठेही चाललेलं नाही, त्यात हरभरा उभा आहे.

ज्यांची पोरं बाहेर जायच्या तयारीत आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट, विषय जरा वेगळा आहे पण सांगतो. पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. आपल्याकडे कुणीतरी फॉर्म भरून देतो आणि पूर्ण नाव एकाच रकान्यात ढकलतो. मग अमेरिकेच्या व्हिसावर ते सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी एफएनयू छापून येतं, म्हणजे नाव माहीत नाही. भावाच्या रूममेटला तिथे बँकेत वर्षभर मिस्टर फनू म्हणत होते. आणि तिकीट स्टॅम्प हातात आल्यावरच काढा, आमचं वापसीचं तिकीट बुडालं.

घरची गोष्ट म्हणाल तर माझी भावजय तिकडे एकटीच सगळं ओढते आहे, पोरीची शाळा, घरभाडं, गाडीचा हप्ता, आणि थंडी अशी की दार उघडायला बर्फ काढावा लागतो म्हणे. तिचा एच फोर नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला, ती ह्या वेळी आली नाही हे बरंच झालं नाहीतर तिघंही इथे माडीवर असते. पुतणी रोज सकाळी व्हिडिओवर मला विचारते, मोठेबाबा, पप्पाला कधी पाठवता, जसं काही मीच त्याला बांधून ठेवलाय. आई मात्र उघड बोलत नाही, पण बारा वर्षांनी संक्रांत दोन्ही मुलांसोबत झाली. डाळभाजी तिसऱ्यांदा केली तिने ह्या आठवड्यात.

आपल्या परराष्ट्र खात्याने हा विषय अमेरिकेकडे मांडल्याचं डिसेंबर २०२५ च्या शेवटी सांगितलं होतं. आपल्या पेपरने त्याचं पुढे काय झालं ते छापलं तर जास्त उपयोग होईल.

मागणी एकच. जिथे ती बातमी आली त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात छापा की ही माणसं हाकललेली नाहीत, त्यांच्या मुलाखतीच्या तारखा पुढे गेल्यात. आणि बातमीदाराने एकदा घरी यावं, आम्ही मंजुरीचे कागद दाखवतो, चहा पाजतो. फक्त दोननंतर या, त्याआधी तो झोपलेला असतो.

आपला एक वाचक,
ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती

(माझं नाव छापू नये. गावात तसंही सगळ्यांना कळणारच आहे.)